परवा फोनवर ओरडलो त्याचं कारण

भावा,

परवा रात्री तुझ्यावर ओरडलो त्याबद्दल आधी सॉरी. पेशंटचं बीपी टिकवायला लावलेलं व्हॅसो, म्हणजे व्हॅसोप्रेसिन, काढल्यावर तू बिचारा आनंदात मेसेज केलास, ‘व्हॅसो बंद केलं, बीपी मस्त, युरिन तर धो धो, उद्या वॉर्डला शिफ्ट करतोय’ आणि खाली तो अंगठा, आणि मी कॉल करून पहिलंच वाक्य काय टाकलं तर ‘सोडियम किती आहे, आत्ता पाठव, शिफ्ट बिफ्ट काही करू नकोस’. तू म्हणालास अरे माझा हिप फ्रॅक्चरचा पेशंट आहे, तुला काय झालंय, आणि फोन ठेवलास. बरोबर आहे तुझं. मला काय झालंय ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून आज सुट्टी आहे तर बसून लिहितोय, लांबण लागली तर सहन कर.

तुझ्या पेशंटचं सोडियम 140, म्हणजे नॉर्मल, आलं हे वाचून जीव भांड्यात पडला. आणि युरिनची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती घट्ट आहे तो आकडा) पण ठीक होती म्हणालास, म्हणजे शॉकमध्ये जे पाच सहा लिटर आत ढकललं होतं तेच आता बाहेर येतंय, येऊ दे. पण त्या ‘धो धो’ शब्दाने माझ्या पोटात गोळा का आला ते ऐक.

मागच्या वर्षीची गोष्ट. साठीच्या आसपासच्या एक काकू होत्या, वजन 60 किलो, मुतखडा अडकून किडनीत पू झालेला आणि तिथून सेप्टिक शॉक, म्हणजे इन्फेक्शनने बीपी कोसळलेलं. आल्या तेव्हा नॉरॲड (बीपी चढवणारं पहिलं औषध) चढत चढत 0.45 पर्यंत, म्हणजे बरंच वर, गेलेलं, रक्तातलं लॅक्टेट वाईट, मग व्हॅसोप्रेसिन लावलं, नेहमीचाच डोस, मिनिटाला 0.03 युनिट. आमच्याकडे 20 युनिट 50 मिलीत करतात म्हणजे पंपावर ताशी 4.5 मिली. तो 4.5 आकडा मी सहा दिवस बघितला. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टिरॉईड, 50 मिलिग्रॅम दर सहा तासांनी चालू होतंच. यूरोसर्जनने स्टेंट टाकून अडथळा मोकळा केला, तिसऱ्या दिवसापासून बाईंचं गाडं वळलं, पाचव्या दिवशी नॉरॲड सुटलं, आणि सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता मी स्वतः जाऊन व्हॅसोचा पंप बंद केला. डायरेक्ट ऑफ. तोपर्यंत ताशी साठ सत्तर मिली लघवी होत होती, दुपारचं सोडियम 141. बाहेर मुलगी बसली होती तिला सांगितलं की बीपीचं शेवटचं औषध काढलं. ती रडायला लागली आणि मला पण जरा हिरो झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सहा ते सात लघवी 220 मिली. सात ते आठ 300. दहा वाजता 400. सव्वाअकराला सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर, दोन लिटरची बॅग भरली, रिकामी करू का, हे ठीक आहे ना? आणि मी काय म्हणालो माहितीये, ‘अहो चांगलंय, किडनी जागी झाली’. चार्टवर माझ्या अक्षरात लिहिलंय ‘युरिन आउटपुट गुड’. अजून आहे तो कागद फाईलमध्ये.

तुला माहितीये आयसीयूत आपण लघवीसाठी किती तरसतो, ताशी 30 मिली आली की नातेवाइकांना सांगायला धावतो. त्यामुळे जास्त लघवी हे वाईट लक्षण असू शकतं हे डोक्याला पटतच नाही. डोक्याला मार लागलेला पेशंट असता, नाहीतर पिट्युटरीचं ऑपरेशन झालेला असता तर मी दोन तासांत ओळखलं असतं, कारण तिथे आपण वाटच बघत असतो डीआयची, म्हणजे डायबेटिस इन्सिपिडसची: मेंदूतून येणारं हार्मोन कमी पडतं, लघवीतून नुसतं पाणी निघून जातं आणि रक्तातलं सोडियम चढतं. सेप्सिसवाल्या काकूंच्या मेंदूकडे कोण बघतंय.

बारा वाजता एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) केला. पीएच छान, लॅक्टेट छान, मी कागद फोल्डरला लावला. त्याच कागदावर खालच्या ओळीत सोडियम 147 छापलेलं होतं. मी वाचलंच नाही रे. दुपारपेक्षा सहाने वर गेलेलं, समोर होतं, आणि मी फक्त वरच्या चार ओळी बघून पुढच्या बेडला गेलो.

आता जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एकच्या सुमारास काकू अस्वस्थ झाल्या. सकाळी व्हेंटिलेटर काढायचा म्हणून सिडेशन कमी केलेलं होतं, तोंडात ट्यूब, बोलता येत नाही, आणि त्यांचा उजवा हात सारखा वर जात होता, सलाईनच्या स्टँडकडे. बोटं पसरून. सिस्टरने हात खाली ठेवला की परत वर. पल्स 124. मी बघितलं, ठरवलं की डिलिरियम आहे, भ्रम झालाय, ट्यूब ओढतील, हात बांधायला सांगितले आणि गुंगी आणणाऱ्या डेक्समेडचं इन्फ्युजन लावलं. कापडी पट्ट्यांनी दोन्ही मनगटं रेलिंगला. त्या मान हलवत होत्या, नाही नाही करत, आणि डोळे त्या बाटलीवर. मीन, म्हणजे सरासरी बीपी, 63 झाला म्हणून 500 मिली नॉर्मल सलाईन पण दिलं वरून. नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम किती असतं, 154. पाणी हवंय त्या माणसाला मी मीठ पाजत होतो.

साडेतीनला बॅग दुसऱ्यांदा रिकामी केली. पाचचं लॅब सॅम्पल आलं, सोडियम 154. चार वाजल्यापासूनची बेरीज केली तर तेरा तासांत लघवी 4.6 लिटर, आत गेलेलं सगळं धरून दीड.

मी सरांना फोन लावला. सर झोपेतून उठलेले, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, लघवीचा रंग काय आहे. मी म्हणालो क्लिअर आहे सर. म्हणाले क्लिअर म्हणजे काय, जाऊन बघ. गेलो, नळी हातात धरली, मागे चार्टचा कागद होता आणि नळीतून चार्टवरचे आकडे वाचता येत होते. फोनवर तसंच सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही, मग म्हणाले, व्हॅसो कधी बंद केलंस?

बस. तेवढ्या एका प्रश्नावर मला सगळं कळलं, आणि खरं सांगू, तेव्हा मला खुर्ची लागली.

तू हाडांचा माणूस, किडनी म्हणजे तुला पोटात मागे कुठेतरी असलेली वस्तू, म्हणून थोडं फर्स्ट इयर करतो, चिडू नकोस. व्हॅसोप्रेसिन म्हणजे आपलं तेच एडीएच, नऊ अमिनो ॲसिडचं इवलंसं हार्मोन, हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि पिट्युटरीच्या मागच्या भागात साठवलं जातं. आपण आयसीयूत त्याला बीपीचं औषध म्हणून वापरतो, व्ही1 रिसेप्टर, रक्तवाहिन्या आवळणं वगैरे. पण त्याचा मूळ धंदा किडनीत आहे. व्ही2 वर बसलं की कलेक्टिंग डक्टच्या पेशी अक्वापोरीन-2 नावाच्या पाण्याच्या वाटा वरच्या बाजूला आणून बसवतात आणि पाणी परत आत ओढलं जातं. अक्वापोरीन शोधणाऱ्या पीटर ॲग्रेला 2003 चं केमिस्ट्रीचं नोबेल आहे, व्हायव्हाला विचारायचे बघ. किडन्या दिवसाला 180 लिटर गाळतात, त्यातलं बरंचसं आधीच परत घेतलं जातं, पण शेवटचा हिशोब या हार्मोनच्या हातात. ते नसलं की लघवी नुसती पाणी होऊन निघून जाते, कोणाकोणाची दिवसाला पंधरा लिटरपर्यंत.

मग औषध बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं कुठे गेलं? इथेच गंमत आहे. सेप्टिक शॉकमध्ये सुरुवातीला हे हार्मोन भरपूर सुटतं आणि मग आटतं, शॉक असूनही रक्तातली पातळी खाली असते, हे 1997 साली न्यूयॉर्कच्या टीमने दाखवलं आणि त्यावरूनच तर व्हॅसो इन्फ्युजनची टूम निघाली. म्हणजे गोदाम आधीच रिकामं. त्यात आपण बाहेरून सहा दिवस सतत पुरवठा केलेला, त्यामुळे किडनीचे रिसेप्टर पण रोडावलेले, किडनीला तेवढ्याची सवय. आणि औषधाचं हाफ लाइफ दहा ते वीस मिनिटं. पंप ऑफ केल्यावर तास दीड तासात रक्तात काही उरत नाही. नक्की किती वाटा गोदामाचा आणि किती रिसेप्टरचा यावर लोक अजून वाद घालतात, मला त्यात पडायचं नाही, पहाटे साडेपाचला दोन्हीचा परिणाम एकच दिसतो. आणि हे काही गुपित नाही. अमेरिकेत एफडीएने 2014 साली मंजूर केलेलं जे व्हॅसोप्रेसिनचं ब्रँड आहे त्याच्या लेबलवर आता हा इशारा सरळ लिहिलेला आहे, औषध थांबवल्यावर रिव्हर्सिबल डीआय होऊ शकतो, इलेक्ट्रोलाइट, फ्लुइड आणि युरिन बघा, गरज पडली तर व्हॅसो परत लावा किंवा डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्याचंच कृत्रिम भावंड, द्या. मी तो कागद त्या रात्रीनंतर पहिल्यांदा वाचला. आपण सगळे डोस बघायला कागद उघडतो, बंद केल्यावर काय ते कोण बघतो.

तर पुढे. सर घरून निघाले, तोपर्यंत मी युरिन पाठवलं. ऑस्मोलॅलिटी (लघवी किती घट्ट त्याचंच दुसरं माप) 110, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.002, म्हणजे जवळजवळ पाणीच. शुगर नॉर्मल, लघवी वाढवणारं लॅसिक्स दिलेलं नाही, मॅनिटॉल नाही. रक्त घट्ट होतंय आणि किडनी पाणी सोडतेय, म्हणजे दुसरं काही नाहीच. बीपी बरं होतं म्हणून व्हॅसो परत न लावता डेस्मोप्रेसिन 1 मायक्रोग्रॅम आयव्ही दिलं, ते फक्त व्ही2 वर काम करतं, रक्तवाहिन्यांना हात लावत नाही. सलाईन बंद, पाच टक्के डेक्स्ट्रोज चालू, नाकातून पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून दर दोन तासांनी 200 मिली साधं पाणी. पाण्याची तूट काढायचं सूत्र आठवतंय का, बाईंमध्ये वजनाचा अर्धा, गुणिले सोडियम भागिले 140 वजा एक. 60 चा अर्धा 30, 154 भागिले 140 वजा एक म्हणजे 0.1, तीन लिटर. लघवी 4.6, आत दीड, फरक 3.1. रात्रभर बॅगेतून जेवढं गेलं तेवढंच सूत्रातून परत आलं. एरवी मला असा हिशोब जुळला की बरं वाटतं.

दोन तासांत लघवी ताशी 80 वर आली. मी युरोमीटरसमोर उभा होतो, थेंब मोजत, आणि लघवीला पहिल्यांदा पिवळी झाक दिसली तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, आली. एवढंच.

पण इथून पुढे दुसरी भानगड असते आणि ती कोणी आधी सांगत नाही. डेस्मोप्रेसिन आठ बारा तास टिकतं, आणि तोपर्यंत तुम्ही पाणी ओततच राहिलात तर सोडियम दुसऱ्या बाजूला कोसळतं, मेंदूला सूज, फिट, सगळं. म्हणून एक डोस द्यायचा, पुढचा ठरलेल्या वेळेला आपोआप द्यायचा नाही, लघवी परत पातळ होऊन वाढली तरच, आणि सोडियम दर चार तासांनी. काकूंना त्या रात्री एक डोस परत लागला, मग नाही. सोडियम आम्ही घाई न करता खाली आणलं, 154 चं 148, दीड दिवसाने 144. कोणीतरी एमआरआय करू म्हणालं, एंडोक्रिनवाल्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर, मॅडम म्हणाल्या दोन दिवस थांबा, गोदाम भरेल. भरलं. तिसऱ्या दिवशी औषधाशिवाय लघवीची ऑस्मोलॅलिटी 500 च्या वर, म्हणजे परत घट्ट.

मॅडमनी जाता जाता एक गोष्ट सांगितली ती तुला सांगून ठेवतो, तुझे पण सेप्सिसवाले पेशंट हायड्रोकॉर्टिसोनवर असतात. कॉर्टिसोल कमी असेल तर किडनी जास्तीचं पाणी नीट बाहेर टाकू शकत नाही, त्यामुळे डीआय असला तरी झाकला जातो, आणि स्टिरॉईड दिलं की तो उघडा पडतो. म्हणजे एकाच पेशंटमध्ये दोन हार्मोन एकमेकांचे गुन्हे लपवत असतात. आणि उलट, व्हॅसो सुटलं म्हणून त्याच दिवशी स्टिरॉईडही झटक्यात बंद केलं तर उद्या बीपी पडल्यावर नक्की कशामुळे पडलं हे ओळखायला बस डोकं धरून. दोन्ही एकदम बंद करू नकोस, मला तरी आता ते पटत नाही.

नाव पण बदललंय बरं का. 2022 पासून डायबेटिस इन्सिपिडस म्हणायचं नाही, आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी म्हणायचं. जीभ वळत नाही, वॉर्डात सगळे अजून डीआयच म्हणतात. पण नाव बदलण्यामागे एक कारण असं की डायबेटिस ऐकलं की स्टाफ शुगर तपासतो, शुगर नॉर्मल, की सोडून देतो. लंडनमध्ये 2009 साली एक 22 वर्षांचा मुलगा हा आजार असताना हिपच्या ऑपरेशनला, तुझ्याच खात्यातला बघ, हॉस्पिटलमध्ये दाखल झाला आणि त्याला त्याचं रोजचं हार्मोन मिळालं नाही. तहानेने त्याने वॉर्डातून पोलिसांना फोन केला. तो आरडाओरडा करतोय म्हणून त्याला धरून ठेवलं, झोपेचं औषध दिलं. तो गेला. मी हे वाचलं त्या काकूंच्या केसनंतर आठवड्याने, आणि पुढची ओळ वाचवेना.

कारण काकूंचा तो हात. अरे त्या पाणी मागत होत्या. बाटलीत पाणी दिसत होतं म्हणून बाटलीकडे हात. शुद्धीतल्या माणसाला हा आजार झाला तर तो घटाघटा पाणी पितो आणि सोडियम सांभाळून नेतो, तहान आणि हात दोन्ही शाबूत असले की माणूस मरत नाही याने. त्यांचं तोंड ट्यूबने बंद होतं, आणि हात मी बांधले. पूर्ण आयसीयूत योग्य निदान त्या रात्री एकट्या त्यांनी केलं होतं.

नवव्या दिवशी ट्यूब काढली. मला वाटलं होतं त्यांना काही आठवत नसेल, बहुतेकांना नाही आठवत. दुपारी राउंडला गेलो तर मनगटावर पट्टीचा वळ होता, त्यावर अंगठा फिरवत बसल्या होत्या. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, डॉक्टर, त्या रात्री हात का बांधले होते माझे? मुलगी शेजारीच उभी. मी म्हणू शकलो असतो की तुम्ही ट्यूब काढायला जात होतात, काढू नये म्हणून बांधतात, सगळीकडे तसंच सांगतात. मी सांगितलं की तुम्हाला तहान लागली होती आणि मला ते कळलं नाही. औषध बंद केल्यामुळे झालं, आणि मी बारा वाजताचा कागद नीट वाचला असता तर पाच तास आधी कळलं असतं. मुलगी काही बोलली नाही. काकू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मी किती वेळा दाखवलं तुम्हाला. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं, आणि मग मान खिडकीकडे वळवली. मी पुढच्या बेडला गेलो.

त्यानंतर मी व्हॅसो बंद करताना चार्टवर वेळ लाल पेनने लिहितो, आणि खाली, चार, आठ आणि बारा तासांनी सोडियम, आणि सलग दोन तास लघवी 200 च्या वर गेली तर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी करून मला उठवायचं. आता हळूहळू 0.01 ने कमी करत बंद करतो, त्याने हे टळतंच असं नाही, पण नजर राहते पंपावर. ज्युनियर लोक हसतात, सरांचं लाल पेन आलं म्हणतात. बहुतेक वेळा काहीच निघत नाही, तुझ्या पेशंटसारखं, कारण बहुतेकांना होतच नाही हे. म्हणून तर विसरायला होतं.

तर असं. तू फोन आपटलास त्याचा राग नाही. शिफ्ट कर उद्या, पण वॉर्डात एकदा सोडियम करून घे, आणि पेशंट पाणी मागत असेल तर किती पितोय ते सिस्टरला लिहून ठेवायला सांग. रिपोर्ट आला की आकडा पाठव, नुसता आकडा, अंगठा नको.

तुझाच